दोन ते चारचा पहारा

पुण्यात मी नक्की काय करतो, हे गावाकडच्या माणसांना समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. सुरुवातीला सांगायचो. समोर एक-दोन वादक बसतात, त्यांचं वाजवणं माईकमधून माझ्या लॅपटॉपमध्ये येतं, मी ते ताणतो, चुरगाळतो, चार स्पीकरमधून सभागृहभर फिरवतो, आणि मागच्या पडद्यावर मी काढलेला व्हिडिओ चालू असतो. ऐकणारा शेवटपर्यंत मान डोलवायचा आणि म्हणायचा, "म्हंजी डीजे." एकदोनदा मी चिडून वाद घातला. पुढं वाटायला लागलं, डीजेच्या मागं निदान अख्खी वरात नाचते. माझ्या कार्यक्रमाला तीस खुर्च्या मांडल्या तर अकरा भरतात, आणि त्यातले सात जण स्वतः असलंच काहीतरी करणारे असतात.

आण्णा, म्हणजे माझे वडील, लोकांना सांगायचे, "पुण्यात मशिनीवर हाय त्यो." ते काही खोटं नव्हतं.

आण्णांची स्वतःची मशीन म्हणजे पिठाची गिरणी. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव आहे. गिरणी घराला लागून. मोटार सुरू झाली की मधली भिंत घुमायची आणि फळीवरची भांडी हलकेच किणकिणायची. मी त्या आवाजात अभ्यास केला, त्या आवाजात झोपलो, आणि पुण्याला गेल्यावर पहिले काही महिने मला झोप लागेना ती तो आवाज नव्हता म्हणून. हे मी कोणाला सांगितलं नाही. गिरणीला कंटाळून पळालेल्या माणसानं असं सांगायचं नसतं.

हो, पळालोच. ते आधी सांगून टाकतो.

आण्णा गावचे विणेकरी. सप्ताहाची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस, रात्रंदिवस, मंदिरात नाम चालू राहतं आणि त्या नामाबरोबर वीणा. ती वीणा सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दर माणसाला दोन तास उभं राहायचं असतं, त्याला पहारा म्हणतात. पुढचा आल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही. आला की दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात, पट्टा या मानेवरून त्या मानेवर जातो, आणि आवाज तुटत नाही. कोणाचा पहारा किती ते किती, ही यादी मंदिराच्या भिंतीवर चिकटवलेली असते.

त्या वर्षीच्या यादीत पाचव्या दिवशी बारा ते दोन आण्णा होते आणि दोन ते चार मी. भर दुपारचा पहारा कोणाला नको असतो. जेवण झालेलं असतं, पत्रे तापलेले असतात, डोळे मिटायला लागतात. तो बाप-लेकानं घेतला म्हणून गावानं कौतुक केलं होतं. मी बावीस वर्षांचा होतो. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या एका संस्थेचं मुलाखतीचं पत्र माझ्या खिशात होतं, मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि आण्णांनी एका शब्दात निकाल दिला होता, "न्हाई. गिरनी कोन बघंल?"

पावणेदोनला मी धुतलेला पांढरा सदरा घालून घरातून निघालो. आईला वाटलं मंदिरात चाललो. मी मंदिराच्या मागून फाट्यावर गेलो, केजला उतरलो आणि पुण्याच्या गाडीत बसलो. मुलाखत त्याच सदऱ्यात दिली. घेतलं त्यांनी मला.

आण्णा बारापासून साडेचारपर्यंत उभे होते. चारच्या माणसालाही बाजारातून यायला उशीर झाला. हे मला महिनाभरानं कळलं, आणि मी स्वतःची समजूत घातली की दुपारी मंदिरात कोणी नसेल, मदतीला कोणी आलं नसेल, असं होतं कधीकधी. आण्णा त्यावर मला एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी सणावाराला गावी जात राहिलो, ते पोत्यांची सुतळी सोडत विचारायचे, "कवा आलास?" आणि जाताना "संभाळून." एवढंच.

आई गेली त्या वर्षी दहाव्याला गावातले म्हातारे मृदंगवाले माझ्याजवळ येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाले, "तुला म्हाईत हाय का, त्या दिशी दोघं-तिघं पुढं झालते वीणा घ्यायला. मी सोता उठलतो. तुझ्या बापानं दिली न्हाई. म्हणला, पोराचा पहारा हाय, येतूय त्यो."

ते तंबाखू मळत राहिले. तेव्हापासून ते पाच शब्द माझ्या कानातून गेले नाहीत, आणि माझा तर कानाचाच धंदा.

आई गेल्यावर गावात आण्णा एकटे आणि पुण्यात मी एकटा. माझं लग्न झालं होतं, चार वर्षं टिकलं, मूलबाळ झालं नाही. दोष कोणाचा म्हणाल तर मी दिवसभर कानावर हेडफोन लावून बसायचो आणि समोरचं माणूस काय म्हणतंय ते मला तासाभरानं ऐकू यायचं. दोन खोल्यांच्या घरात आता लॅपटॉप आहे, स्पीकर आहेत, आणि संध्याकाळी सातला आण्णांचा फोन असतो.

"जेवलास का?"

"सातला कोण जेवतं, आण्णा? तुमी?"

"आत्ताच."

मग फोन तसाच चालू राहतो. त्यांच्याकडच्या शांततेत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येते. मी ती कितीदा तरी मुद्रित केली आहे. तिचं काय करायचं हे अजून कळलेलं नाही.

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी, माझ्या जुन्या ओळखीचे होते ते, "आपल्याकडंही काहीतरी नवीन होऊ द्या" म्हणून बोलावलं, तेव्हा मी एका रचनेवर काम करत होतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की आमचं निम्मं गाव रिकामं होतं. मी दोन हिवाळे जाऊन तिथं कॅमेरा लावला होता. एका गल्लीतली कुलूप लावलेली दारं. प्रत्येक दार पडद्यावर मिनिटभर, काहीही न होता. कुठं वाळलेलं तोरण, कुठं उंबऱ्यावर झोपलेलं कुत्रं. आवाज म्हणून आण्णांच्या गिरणीची मोटार, आणि कपिलधारच्या धबधब्यावर जाऊन मुद्रित केलेलं पाणी. पाणी म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला गेलो होतो, त्यामुळं नळ गळावा तेवढीच धार. पण तेच चांगलं निघालं. चेलो वाजवायला पुण्याची एक मैत्रीण तयार होती. रचनेचं नाव मी ठेवलं होतं, पहारा. आणि मध्यभागी मला वीणा घेतलेले आण्णा उभे हवे होते.

खरं सांगायचं तर मला माफी मागायची होती. ती मागायला मी चार स्पीकर, एक प्रोजेक्टर आणि एक चेलो गोळा केला. साधं "आण्णा, चुकलं माझं" म्हणायला माणसाला एवढं सामान लागावं, याची मला आजही लाज वाटते. शिवाय आयुष्यात एकदा तरी त्यांनी माझं काम शेवटपर्यंत ऐकावं, हा लोभ होताच.

फोनवर विचारलं तर म्हणाले, "नुस्तं हुबं राहायचं हाय ना? मंग राहतो की. त्येच तर येतं मला."

तालमीसाठी मैत्रीण गावी आली. आण्णांनी चेलो चहूबाजूंनी पाहिला, बोटानं वाजवून पाहिला आणि म्हणाले, "सारंगीची थोरली बहीन दिसती." तिनं सूर जुळवायला मोबाईल काढला. आण्णांचा सूर मोबाईलच्या कुठल्याच पट्टीत बसेना, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठंतरी लोंबकळत होता. ती बिचारी म्हणाली, "काका, वीणा थोडी वर घेऊ या का?" आण्णा उठले, शेजारी जाऊन गिरणीची मोटार चालू केली, परत आले आणि भिंतीला कान लावून खुंटी पिळली.

"चाळीस वर्सं हिच्यावरच लावतो," ते म्हणाले. "ही कदी उतरली न्हाई."

मग चेलोच खाली घ्यावा लागला.

विणेला मी छोटा माईक लावला होता, आण्णांच्या छातीजवळ. त्यात येणारा आवाज लॅपटॉप धरून ठेवायचा आणि सात सेकंदांनी परत सोडायचा, मग पुन्हा, पुन्हा, एकावर एक थर चढवत. म्हणजे एकटी वीणा हळूहळू दहा विणांएवढी व्हायची. आण्णा मध्येच खोकले. सात सेकंदांनी चारही स्पीकर खोकले. आण्णा दचकले आणि मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "आयला, खोकलाबी सोडत न्हाई हे!" गिरणीचा ताणलेला आवाज ऐकवला तर दोन क्षणांत म्हणाले, "ही आपली मोटार हाय. पट्टा सैल झालता तवाचा आवाज हाय ह्यो." बरोबर होतं. माझ्या कामावर त्यांनी केलेली ती पहिली टीका, आणि पुण्यातल्या सात जाणकारांपैकी एकालाही ते कळलं नसतं.

शेवट मी त्यांना तोंडी सांगितला. "आण्णा, शेवटी पडदा काळा होईल. चेलो थांबेल, बाई उठून जाईल. मग तुमी वीणा खुर्चीवर ठेवायची आणि बाजूच्या दारानं निघून जायचं. विणेचा आवाज स्पीकरमधून चालूच राहणार. तुमी दाराबाहेर गेलात की मी तो बंद करणार."

माणूस निघून गेला, आवाज मागं राहिला. मला ती कल्पना फार ग्रेट वाटत होती.

"आवाज चालू," आण्णा म्हणाले, "अन् वीणा ठिवायची?"

"हो."

"बरं."

त्या "बरं"कडं मी लक्ष द्यायला हवं होतं. आमच्याकडं "बरं" म्हणजे ऐकलं, एवढंच. केलं जाईल असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही, आणि मी त्याच गावचा असून घेतला. तालमीत तो शेवट आम्ही कधी केलाच नाही. तिथवर आलं की कोणीतरी दळण घेऊन यायचं, मी आवाज बंद करायचो आणि आण्णा वीणा भिंतीवरच्या खुंटीला अडकवून गिरणीच्या दगडांकडं जायचे.

कार्यक्रम दुपारी चारला होता. पडदे ओढूनही सभागृहात उजेड येत होता, त्यामुळं माझी दारं पडद्यावर फिकी दिसत होती. पंखे आवाज करतात म्हणून मी ते बंद करायला लावले होते, त्याबद्दल मागच्या रांगांतून मला बरंच ऐकावं लागलं. सत्तरएक मुलं-मुली होती. इतकी माणसं पाहून मला भरून आलं, मग कळलं की हजेरी लागणार आहे. आण्णा पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी घालून रंगमंचाच्या मध्ये उभे राहिले. मी एका कोपऱ्यात टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो.

चाळीस मिनिटं चांगली गेली. पहिली दहा मिनिटं चुळबुळ, मग दाराशेजारची पाच-सहा मुलं निसटली, मग एक वेळ अशी आली की कोणी हलेना. चेलो आणि गिरणी एकमेकांत मिसळले. पडद्यावरच्या एका दाराला पाहून मधल्या रांगेतली एक मुलगी एकदम ताठ बसली. तिच्या घरालाही असंच कुलूप असेल का, असं मला वाटून गेलं. आण्णांचं बोट तारेवर एकसारखं पडत होतं. त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

पडदा काळा झाला. चेलो थांबला, मैत्रीण उठून गेली. आवाज चालू राहिला. मी आण्णा जायची वाट पाहू लागलो.

आण्णा उभेच.

एक मिनिट गेलं. मी बोटानं खुर्ची दाखवली. त्यांनी पाहिलं आणि तार छेडत राहिले. दोन मिनिटं झाली. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. आण्णा गेले की मी आवाज बंद करणार होतो, आणि आवाज चालू आहे तोवर आण्णा वीणा ठेवणार नव्हते. हे माझ्या डोक्यात शिरायला एवढा वेळ लागला. त्यांच्या दृष्टीनं नाम चालू होतं. नाव मीच दिलं होतं, पहारा. पहाऱ्यात वीणा खुर्चीवर ठेवा, असं सांगणारा गाढव गावात दुसरा कोण सापडणार होता?

मी एक कळ दाबली असती तर सगळं संपलं असतं. माझं बोट त्या कळीवरच होतं. पण आण्णांचे गुडघे मला दिसले. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते, हळूच, कोणाला कळू नये असा. आणि त्यांची नजर बाजूच्या दाराकडं होती, पुढचा माणूस जिथून येतो तिकडं. साडेचार तास ते असेच उभे असतील, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात प्राध्यापकांना राहवलं नाही. म्हातारा माणूस अडकला आहे असं वाटून ते भल्या मनानं रंगमंचावर चढले आणि वीणा घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढं केले. आण्णांनी मान हलवली.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "पोराचा पहारा हाय. येतूय त्यो."

हळूच म्हणाले. पण माईक छातीजवळ होता. सात सेकंदांनी चारही स्पीकरमधून तेच आलं. येतूय त्यो. मग पुन्हा, विणेच्या थरांमधून, मागच्या भिंतीकडून. येतूय त्यो. प्राध्यापक गोंधळून खाली उतरले. सभागृहात कोणाला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

मी उठलो. चपला टेबलाखाली काढल्या. दहा पावलं होती, ती चालताना मला माझ्या सदऱ्याची लाज वाटली, कारण तो काळा होता. आण्णांसमोर जाऊन मी वाकलो आणि त्यांच्या पायाला हात लावला. उठतोय तोच ते वाकले. मी त्यांना धरायला गेलो, पण रीत ती रीत. गुडघे दुखत असताना, एक हात विणेवर ठेवून, माझ्या बापानं माझ्या पायाला हात लावला. मग पट्टा त्यांच्या मानेवरून निघून माझ्या मानेवर आला. तो घामानं ओला होता आणि गरम होता. आवाज तुटू दिला नाही त्यांनी, माझं बोट बसेपर्यंत त्यांचं बोट तिथंच होतं.

"आण्णा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"बोलू नगं," ते म्हणाले. "नाम चालू हाय."

ते पायऱ्या उतरले, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गुडघे चोळत डोळे मिटून ऐकायला लागले. माझं काम ऐकायला ते पहिल्यांदाच असे समोर बसले होते.

माझं "चुकलं" आता स्पीकरमधून परत येत होतं, आणि त्यावर त्यांचं "येतूय त्यो", आणि खाली गिरणी. लॅपटॉप दहा पावलांवर राहिला होता. वीणा गळ्यात असताना जागा सोडायची नसते. मुलं दोन-दोन, तीन-तीन करून निघून गेली. प्राध्यापक दाराशी घड्याळ बघत थांबले. मी तार छेडत राहिलो आणि नकळत बाजूच्या दाराकडं पाहिलं. आण्णांनंतर माझं नाव होतं. माझ्यानंतर यादीत कोणाचंच नव्हतं.